आई-वडिलांसाठी कॅमेरा : भेटीची निवड आणि हिशेब

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट नावाचे एक बेट आहे. तेथील फ्रेशवॉटर या गावी १८६३ सालच्या डिसेंबरात अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीला तिच्या मुलीने आणि जावयाने एक कॅमेरा भेट दिला. पती कॉफीच्या मळ्यांच्या कामासाठी सिलोनला गेलेले, मुले मोठी झालेली आणि घर रिकामे. आईचा एकांत थोडा सुसह्य व्हावा, एवढाच देणाऱ्यांचा हेतू होता. या बाई म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आडनावातील साम्य हा निव्वळ योगायोग. पण त्यांचा जन्म कोलकात्याचा, १८१५ सालचा, हे आपल्याकडील वाचकांना विशेष वाटावे. भेट मिळालेला कॅमेरा म्हणजे लाकडाची अवजड पेटी. काचेच्या पट्टीवर रसायनांचा ओला थर द्यायचा, तो वाळण्याच्या आत छायाचित्र घ्यायचे आणि लगेच ते धुवायचे, असा तो काळ. बाईंनी कोळशाच्या खोलीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. महिनाभरातच त्यांना मनासारखे पहिले छायाचित्र साधले. पुढे टेनिसन, डार्विन आणि जॉन हर्शेल यांची त्यांनी घेतलेली व्यक्तिचित्रे जगभर गाजली. छायाचित्रणाच्या इतिहासात इतकी फळलेली भेट क्वचितच सापडेल, आणि ती मुलीने आईला दिलेली होती.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण बंगळुरू शहर हे आहे. मराठी माणसाचे या शहराशी नाते जुने. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि पुढे शहाजीराजांची जहागीर म्हणून तेथे मराठी दरबार भरू लागला. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र संगणक उद्योगाच्या निमित्ताने मराठी तरुणांची एक नवी वसाहत तेथे झाली आणि त्यांच्या पाठोपाठ, निवृत्तीनंतर, त्यांचे आई-वडीलही आले. असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. साताऱ्याहून आलेले आप्पा आणि आई जे. पी. नगरमधील नवव्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतात. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडतात. कन्नड येत नाही, शेजारचे दार बंद असते, वर्तमानपत्र अकरापर्यंत वाचून संपते. आप्पा रोज पहाटे लालबागेत फिरायला जातात, तेवढाच दिवसातला त्यांचा स्वतःचा वेळ. परत आल्यावर ते सांगतात, ‘आज तळ्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते’, आणि ऐकणाऱ्याचे डोळे मोबाइलवर असतात. त्यांच्या पासष्टीला मुलाच्या मनात कॅमेरा देण्याचे येते. अशी घरे बंगळुरूत शोधावी लागत नाहीत.

कल्पना उत्तमच. परंतु भेट मिळालेल्या कॅमेऱ्यांपैकी कितीतरी कॅमेरे पहिल्या दोन सहलींनंतर कपाटात जातात, हेही तितकेच खरे. पैसे वाया जातात ते वेगळेच. पण ‘तुम्हाला हे जमले नाही’ असा एक मूक ठपका ती पेटी कपाटातून ठेवत राहते, आणि वयस्क माणसाला तो अधिक लागतो. म्हणूनच ही निवड जाहिरातीतील आकड्यांवर न सोडता थोड्या विचाराने करावी लागते.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला?

हा प्रश्न आप्पाच प्रथम विचारतील. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. घरातील वाढदिवस, नातवंडे, देवळातील उत्सव, ताटातील पदार्थ या सर्वांसाठी चांगला मोबाइल पुरेसा आहे. किंबहुना अंधुक उजेडात तो नवशिक्याला कॅमेऱ्याहून बरे छायाचित्र काढून देतो. अशा कामासाठीच कॅमेरा घ्यायचा असेल तर घेऊच नये. मोबाइल कमी पडतो तो दूरच्या विषयाला. तळ्याच्या मध्यावर बसलेला पक्षी त्याच्या लहानशा लेन्सच्या आवाक्याबाहेर असतो. दुसरी अडचण उन्हाची. भर उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही. कॅमेऱ्याच्या नेत्रिकेला डोळा लावला की बाहेरचे ऊन, गर्दी, फोनचा आवाज सारे बाजूला पडते आणि समोर उरते ती फक्त एक चौकट.

ही चौकट डीएसएलआर कॅमेऱ्यात कशी दिसते, हे समजून घेण्यासारखे आहे. लेन्समधून आत आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर जाऊन लोलकात वळतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे पाहणारा कोणतेही चित्रपटल पाहत नसतो. तो लेन्समधून प्रत्यक्ष दृश्य पाहत असतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो. तो ओळखीचा ‘खटक’ आवाज या आरशाचा आणि शटरचा. दृश्य दाखविण्यासाठी वीज जवळजवळ लागत नसल्याने बॅटरी दीर्घकाळ टिकते. निकॉनच्या डी३५०० या साध्या कॅमेऱ्याची बॅटरी एका भारणीत सुमारे १,५५० छायाचित्रे काढते, असे प्रमाणित मोजमाप आहे. रात्री चार्जर लावण्याचे विसरणाऱ्या माणसासाठी ही बाब लहान नाही.

शौक श्रीमंतांचा, परवडणारा झाला तो कसा

चित्रफितीच्या काळात कॅमेरा एकदा घेतला तरी खर्च संपत नसे. एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे. रोल विकत घ्या, धुवा, छापा. प्रत्येक वेळी बटण दाबताना मनात पैशांचा हिशेब चाले. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर स्थिर खर्च बेताचा आणि प्रत्येक नगामागचा वाढीव खर्च मोठा. डिजिटल कॅमेऱ्याने हे गणित उलटे केले. स्थिर खर्च मोठा झाला आणि पुढच्या प्रत्येक छायाचित्राचा खर्च शून्यावर आला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, कारण शिकणे म्हणजे मुख्यतः चुका करणे, आणि चुका आता फुकट झाल्या होत्या.

अडचण होती ती स्थिर खर्चाची. १९९९ साली आलेला निकॉनचा डी१ हा २.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा पाच हजार डॉलरच्या पुढे होता. तो वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी होता, घरांसाठी नव्हे. २००३ साली कॅननने ईओएस ३००डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा अमेरिकेत लेन्सशिवाय ८९९ डॉलरला आणला, तेव्हा हजार डॉलरची रेषा प्रथमच ओलांडली गेली. पुढच्याच वर्षी निकॉनचा डी७० आला. २००६ सालच्या अखेरीस आलेल्या निकॉन डी४० ने तर वजन आणि किंमत दोन्ही इतकी खाली आणली की डीएसएलआर ही गळ्यात सहज अडकविण्याची वस्तू झाली. भारतातही याच सुमारास मध्यमवर्गीय घरात हा कॅमेरा शिरला. बंगळुरूत त्याला आयते अंगण मिळाले.

कारण या शहराला छायाचित्रणाची परंपरा आहे. महात्मा गांधी रस्त्यावरील जी. के. वेल ही पेढी १९१० पासूनची. यूथ फोटोग्राफिक सोसायटी ही हौशी छायाचित्रकारांची संस्था १९७१ साली येथे स्थापन झाली. टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखे जागतिक कीर्तीचे वन्यजीव छायाचित्रकार याच शहरात राहिले आणि त्यांनी पुढच्या पिढीला हात धरून शिकविले. २०१७ साली त्यांचे निधन झाले. मराठी वाचकांना आणि विशेषतः बँकेशी संबंधित वाचकांना आवर्जून सांगावे असे नाव मात्र एम. वाय. घोरपडे यांचे. सांडूरच्या मराठा राजघराण्यातील हे गृहस्थ केंब्रिजला अर्थशास्त्र शिकले, १९७० च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि त्याच हातांनी त्यांनी जंगलातील हत्तींची व वाघांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचे वन्यजीव छायाचित्रणावरील पुस्तक जाणकारांत मान्यता पावले. अंदाजपत्रकातील रकाने पाहणारी नजर आणि झुडपामागची हालचाल टिपणारी नजर एकाच माणसापाशी असू शकते, याचे हे उदाहरण. २०११ साली ते निवर्तले.

आधी माणूस, मग कॅमेरा

दुकानात विक्रेता पहिल्यांदा मेगापिक्सेल सांगतो. तो आकडा ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा. डी४० च्या ६ मेगापिक्सेलच्या प्रतिमेतूनही दहा इंच रुंदीची स्वच्छ छपाई होते. घरातील भिंतीवर याहून मोठे चित्र किती वेळा लागते? भेट देणाऱ्याने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ज्याला द्यायचा त्याला काय पाहायला आवडते? त्याच्या मानेला, मनगटाला किती वजन झेपते? चष्मा कोणत्या क्रमांकाचा आहे?

वजनाचेच पाहा. डी३५०० बॅटरीसह सुमारे ४१५ ग्रॅम भरतो. त्याच कंपनीचा २०१० सालचा, वरच्या श्रेणीतील डी७००० जवळजवळ दुप्पट, ७८० ग्रॅम. यावर लेन्सचे वजन वेगळे. मात्र डी७००० मध्ये काचेचा भरीव लोलक आहे आणि त्याची नेत्रिका मोठी व उजळ दिसते. हलक्या कॅमेऱ्यांत लोलकाऐवजी आरशांची जोडणी असते आणि चौकट लहान, काहीशी मंद दिसते. साठीनंतरच्या डोळ्याला हा फरक जाणवतो. मान की डोळे, हे ज्याने-त्याने ठरवावे. पण दुकानात जाताना आप्पांना बरोबर न्यावे हे उत्तम. अचानक भेट देण्याचा आनंद त्यात जातो खरा, पण चपलांची जोडी आणि कॅमेरा या दोन वस्तू दुसऱ्याच्या मापाने घेता येत नाहीत. नेत्रिकेशेजारी एक लहानशी चकती असते. ती फिरवून चष्म्याच्या क्रमांकाशी नेत्रिका जुळवून घेता येते. ही चकती माहीत नसल्यामुळे ‘यात सगळे पुसटच दिसते’ म्हणून कॅमेरा बाजूला ठेवला जातो, असे सहज घडू शकते.

भाषेचाही विचार करावा. निकॉनच्या २०१४ सालच्या डी३३०० सारख्या कॅमेऱ्यांत सूचनांच्या भाषांच्या यादीत हिंदी, तमिळ, तेलुगू यांच्या जोडीला मराठीही आहे. पडद्यावर मराठी अक्षरे उमटलेली पाहून आईंचाही हात कॅमेऱ्याकडे वळेल. कन्नड त्या यादीत नाही, ही बंगळुरूच्या शेजाऱ्यांची तक्रार रास्त म्हटली पाहिजे.

पैसा लेन्समध्ये

परवडणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत एकच नियम लक्षात ठेवायचा तर तो हा की बॉडीवरचा पैसा लवकर उतरतो, लेन्सवरचा टिकतो. बॉडी म्हणजे संगणकाचा भाऊ; दर दोन वर्षांनी नवा येतो आणि जुन्याचा भाव पडतो. लेन्स ही काच आहे. ती जपली तर दहा-पंधरा वर्षे तशीच काम देते.

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स वाईट नसते. लालबागेतील काचघर, झाडे, घरातील माणसे यांना ती पुरते. तीही घेताना जपून पाहावे, कारण जवळजवळ एकाच नावाच्या दोन लेन्स बाजारात असतात : एकीत हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असते, दुसरीत नसते. सवलतीच्या संचात बऱ्याचदा दुसरी असते. हात थोडा थरथरणाऱ्या माणसासाठी पहिलीच घ्यायला हवी. निकॉनच्या लेन्सवर व्हीआर आणि कॅननच्या लेन्सवर आयएस ही अक्षरे त्यासाठी शोधावीत.

पण आप्पांना तर पाणकावळे टिपायचे आहेत. तेथे किट लेन्स हरते. कॅननची ५५-२५० मिलिमीटरची लेन्स किंवा निकॉनची ७०-३०० मिलिमीटरची लेन्स ही हौशी माणसाची खरी गरज. या स्वस्त कॅमेऱ्यांतील संवेदक जुन्या चित्रफितीच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे दृश्य अधिक जवळ आल्यासारखे दिसते, कॅननमध्ये १.६ पट, निकॉनमध्ये दीडपट. म्हणजे २५० ची लेन्स ४०० सारखी आणि ३०० ची ४५० सारखी वागते. संवेदक लहान असणे हा उणेपणा मानला जातो, पण पक्ष्यांच्या छायाचित्रणात गरिबाला त्याचा फायदाच होतो. नातवंडांची छायाचित्रे काढणे हाच ज्यांचा विषय, त्यांनी मात्र मोठ्या झूमच्या नादी न लागता ५० किंवा ३५ मिलिमीटरची, १.८ छिद्राची स्थिर लेन्स घ्यावी. खिडकीच्या उजेडात फ्लॅशशिवाय तिने काढलेले बाळाचे चित्र पाहिले की किट लेन्स परत लावावीशी वाटत नाही.

येथे एक सापळा आहे. निकॉनच्या डी४०, डी६० तसेच डी३००० आणि डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांच्या बॉडीत लेन्स फिरविणारी मोटर नाही. जुन्या धाटणीची स्वस्त ५० मिलिमीटर लेन्स त्यांवर बसते, पण आपोआप केंद्रित होत नाही. प्रत्येक वेळी हाताने कडे फिरवावे लागते. अशा बॉडीसाठी एएफ-एस लेन्स लागते. डी९० आणि डी७००० मध्ये ही मोटर आहे. उलट अलीकडच्या एएफ-पी लेन्स डी९० वर स्वयंकेंद्रित होत नाहीत. कॅननच्या ईओएस कॅमेऱ्यांत हा घोळ नाही, कारण १९८७ पासून त्यांची मोटर लेन्समध्येच असते. भेट म्हणून लेन्स वेगळी घेणाऱ्याने कॅमेऱ्याचा नेमका क्रमांक कागदावर लिहून न्यावा.

अस्ताला चाललेली वस्तू द्यावी का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०२० साली जगभरात पाठविल्या गेलेल्या कॅमेऱ्यांत आरसाविरहित, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांनी डीएसएलआरला मागे टाकले. २०२१ च्या अखेरीस कॅननने आपला सर्वोच्च श्रेणीचा डीएसएलआर यापुढे नव्याने येणार नसल्याचे सूचित केले. निकॉनचे डी३५०० आणि डी५६०० हे लोकप्रिय कॅमेरे २०२२ च्या सुमारास उत्पादनातून गेले. नवे संशोधन, नव्या लेन्स सर्व काही आता मिररलेसकडे आहे. पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखून त्यावर केंद्रित होण्याची किमया नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत आहे आणि तिला डीएसएलआरपाशी उत्तर नाही. ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांना पुढे वीस वर्षे या छंदात वाढत जायचे आहे, अशा तरुण मुलामुलींना भेट द्यायची तर मिररलेसच द्यावा.

आप्पांचे गणित वेगळे आहे. लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे उत्तम स्थितीतील डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स वापरलेल्या मालाच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर आल्या आहेत. दर महिन्याला कोणी ना कोणी परदेशी जाणाऱ्या किंवा छंद बदलणाऱ्या बंगळुरूसारख्या शहरात त्यांची चणचण नाही. एकेकाळी ज्या कॅमेऱ्याचे स्वप्न पाहावे लागे तो आज बेताच्या पैशात मिळतो, आणि त्यातून निघणारे चित्र काही जुने झालेले नाही. पुढे मिररलेसकडे जायचे ठरलेच, तर कॅननच्या ईएफ लेन्स जोडणीच्या साहाय्याने नव्या आरएफ कॅमेऱ्यांवर चालतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्सही झेड मालिकेवर चालतात. लेन्समधील पैसा बुडत नाही तो असा.

वापरलेला कॅमेरा घेताना घोडा घेणाऱ्यासारखे वागावे, दात पाहावेत. शटर किती वेळा उघडझाप झाले, हा पहिला प्रश्न. डी९० च्या शटरची चाचणी एक लाख वेळा, तर डी७००० ची दीड लाख वेळा झालेली आहे. त्या मानाने किती आयुष्य गेले ते कळते. निकॉन कॅमेऱ्याच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो. कॅननच्या फाइलमध्ये तो सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळी संगणकप्रणाली वापरावी लागते. मग छिद्र १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचे एक छायाचित्र काढावे. संवेदकावर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतील. ती साफ होते, पण भाव कमी करायला कारण मिळते. लेन्स उजेडाकडे धरून आरपार पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पावसाळ्यात चामड्याच्या बंद पेटीत ठेवलेल्या लेन्सना बुरशी हमखास धरते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा; त्याहून चांगला उपाय म्हणजे तो वापरत राहावे.

नवा घेतल्यास बॉडीवरील अनुक्रमांक, बिल आणि हमीपत्र या तिन्हींवर एकच आहे ना, हे काउंटरवरच पाहावे. भेटवस्तूची किंमत लपविण्यासाठी बिल फाडून टाकण्याची आपल्याकडे सुसंस्कृत पद्धत आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत ती महाग पडते. किंमत झाकावी, बिल जपावे.

हिशेब

समजा, एकूण पन्नास हजार रुपये खर्चायचे ठरले. सर्वसाधारण ग्राहक पंचेचाळीस हजार बॉडी व किट लेन्सवर घालतो आणि उरलेल्यात पिशवी, कार्ड, फिल्टर बसवितो. वर मांडलेल्या विचाराप्रमाणे वीस हजारांच्या आतली बॉडी, पंचवीस हजारांपर्यंत लांब पल्ल्याची लेन्स आणि उरलेल्यात कार्ड, जादा बॅटरी व चांगला पट्टा अशी विभागणी पक्षी पाहणाऱ्या माणसाला अधिक उपयोगी पडेल. नव्या कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे किमतींची तुलना करताना लक्षात असावे.

पैसे कसे उभे करायचे? पन्नास हजारांचे कर्ज वार्षिक १५ टक्के दराने बारा महिन्यांत फेडायचे म्हटले तर समान मासिक हप्ता सुमारे ४,५१३ रुपये येतो. वर्षअखेर ४,१५५ रुपये व्याज गेलेले असते. क्रेडिट कार्डावरील हप्ता असेल तर या व्याजावर १८ टक्के कर, म्हणजे साडेसातशेच्या आसपास रुपये, आणखी जातात. ‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी दिसते तेथेही कागद वाचावा. शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच आक्षेप घेतला होता. आज अशा योजनांत साधारणतः व्याजाइतकी रक्कम किमतीतील सवलत म्हणून दाखविली जाते; त्या व्याजावरील कर आणि प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाकडेच राहते. रोखीने घेणाऱ्यालाही तीच सवलत मिळते का, एवढे विचारले की योजनेचे खरे रूप कळते.

याउलट दरमहा ४,०५० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली आणि व्याजदर ६ टक्के धरला, तर वर्षअखेर ५० हजारांहून थोडी अधिक रक्कम हाती येते. हप्त्यापेक्षा महिन्याला साडेचारशेहून अधिक रुपये कमी, आणि वर्षभरात मन बदललेच तर पैसे आपलेच. अर्थात पासष्टी वर्षाने पुढे ढकलता येत नाही. कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्यांना आपल्याकडे एक मोठा पूर्वज आहे. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटासाठी पैसे उभारताना आपल्या विमा पॉलिसी गहाण ठेवल्या होत्या. आप्पांच्या पक्ष्यांसाठी इतक्या टोकाला जाण्याचे कारण नाही.

कॅमेरा हाती आल्यानंतरचा पहिला महिना सर्वांत नाजूक. देणाऱ्याने त्या महिन्यात चार रविवार राखून ठेवावेत, ही या भेटीची खरी किंमत. पहिल्या रविवारी फक्त नेत्रिकेची चकती, पट्टा आणि स्वयंचलित प्रकार. छिद्र, वेग, संवेदनशीलता हे शब्दही काढू नयेत. डी३००० पासून निकॉनच्या प्राथमिक कॅमेऱ्यांत ‘गाइड’ नावाची सोय आहे, ती विषय विचारून जुळवणी स्वतः करून देते. लालबागेचे तळे पहाटे सहा-साडेसहाला गाठावे. पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या स्थिर बसलेल्या असतात आणि प्रकाश तिरपा असतो. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत न्यावा लागतो, ते तिसऱ्या-चौथ्या रविवारी आपोआप विचारले जाईल. संध्याकाळी त्या दिवसातील एकच छायाचित्र निवडून छापून घ्यावे आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावावे. कोणते निवडायचे, यावर आई आणि आप्पांत वाद होतील. ते होऊ द्यावेत.

त्यानंतर गाव गाठायचे ते कोक्करे बेळ्ळूर. बंगळुरू-म्हैसूर रस्त्याने मद्दूरच्या बाजूला, मंड्या जिल्ह्यात, शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर हे खेडे आहे. कन्नडमध्ये ‘कोक्करे’ म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी. घरांच्या अंगणातील चिंचेच्या झाडांवर चित्रबलाक आणि झोळीवाले पक्षी पिढ्यान्‌पिढ्या घरटी करीत आले आहेत आणि गावकऱ्यांनी त्यांना लक्ष्मीसारखे सांभाळले आहे. येथे लपून बसावे लागत नाही. कट्ट्यावर बसून मान वर केली की पिलांना भरविणारा पक्षी २५० च्या लेन्समध्ये चौकटभर येतो. हंगाम साधारण डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. दिवाळीत दिलेला कॅमेरा तोवर हातात रुळलेला असतो. रविवारी पहाटे पाचला निघावे, डबा घरून घ्यावा आणि परतीच्या वाटेवर मद्दूर वडा खायला थांबावे.